वर्कशॉप, गाईडसह

मोहिनीबाईंनी 'वर्कशॉप' हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा बाळासाहेबांनी जेवता जेवता मान वर करून विचारलं, "कुठली गाडी बंद पडली?"

प्रश्न चुकीचा नव्हता. वारूळवाडीपासून नारायणगावच्या बाजारापर्यंत वर्कशॉप म्हणजे जिथे ट्रॅक्टर उघडून ठेवतात ती जागा. बाळासाहेबांचं स्वतःचं दुकान मोटारपंपांचं, त्यामुळे त्यांना तर दुसरा अर्थ असू शकतो हेच पटेना.

"फोटोग्राफीचं वर्कशॉप," मोहिनीबाई म्हणाल्या. "तळेघरला. तीन दिवस. अठरा हजार."

"कॅमेरा बिघडला का? अगं, एवढ्यात नवा येईल!"

मोहिनीबाई नारायणगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. मोजकं बोलायची सवय. कॅमेरा बिघडलेला नाही, तो चालवणारी शिकायला जाणार आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत समजावलं. कॅमेरा जुना, एका सहकाऱ्याकडून घेतलेला. तीन वर्षांत त्यांनी त्यावर पुष्कळ पक्षी टिपले होते. म्हणजे पक्षी जिथून नुकतेच उडाले अशा फांद्या टिपल्या होत्या. फांद्यांचा असा संग्रह जुन्नर तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नसावा.

खरी अडचण पैशांची नव्हती. पैसे भिशीचे होते आणि यंदाचा नंबर मोहिनीबाईंचा लागला होता. अडचण अशी की त्या नंबरावर सासूबाईंनी, चिमाबाईंनी, सहा महिने आधीपासून मनात घरघंटी मांडून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिची जागासुद्धा झाडून तयार होती.

"त्या फोटूचा उपेग काय?" चिमाबाईंनी विचारलं.

चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई प्रश्न विचारून गप्प बसायची आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत राहायची. मोहिनीबाई तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यांना हेच करत, पण आता वेळ त्यांच्यावर आली होती. भाजीला, भाकरीला, पगाराला, परीक्षेला उपयोग नसलेली एकही गोष्ट आपण शेहेचाळीस वर्षांत केलेली नाही, हे त्यांना तिथल्या तिथे मोजता आलं. बेरीज शून्य आली. त्या म्हणाल्या, "आई, उपयोग माहीत नाही. तेच बघायला जायचंय."

त्यांनी माहितीपत्रक छापून आणलं होतं. त्यावर फांदीवर बसलेलं शेकरू, तांबूस, गुबगुबीत, मिशीचा केस न् केस दिसणारं. चिमाबाईंनी ते हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग निवाडा दिला.

"जा. पर भिंतीवर लावण्याजोगा एक तरी फोटू आण. न्हाई आणलास तर पुढच्या भिशीला मी सांगंन ते. आन् पुना कॅमेऱ्याचं नाव काढायचं न्हाई."

मोहिनीबाईंनी करार मान्य केला. वहीत नोंदसुद्धा केली: 'निकष: वर्कशॉपशिवाय काढता आला नसता असा, भिंतीवर लावण्याजोगा किमान एक फोटो.' निकष आधी लिहायचा असतो, निकाल बघून नाही. हे त्या वर्षानुवर्षं मुलांना सांगत आल्या होत्या.

शेजारच्या प्रयागबाईंना ही बातमी कुंपणावरून कळली. प्रयागबाईंना सगळंच कुंपणावरून कळायचं आणि तिथूनच पुढे जायचं.

"अवो मॅडम, अठरा हजार कशाला? माज्या जावंचा भाचा लग्नाचं फोटू काढतो. फुकाट शिकविल. डोरान बी हाय त्याच्याकडं."

"ड्रोननं शेकरू कसं काढणार?"

"नवरा-नवरी काढतोय की! शेकरू तर बारकं आसतं."



महाविद्यालयाच्या कार्यालयात शुक्रवारची रजा मागितली, तर क्लार्कनं अर्ज परत दिला. वर्कशॉप शिक्षण खात्याचं असेल तर पत्र जोडा, नसेल तर कारण बदला. मोहिनीबाईंनी 'वैयक्तिक' लिहिलं. त्यानं ते खोडलं, कारण त्याच्या यादीत आजारपण, लग्नकार्य, दुःखद घटना आणि इतर एवढंच होतं. 'इतर'पुढे कंसात खुलासा लागतो म्हणून त्यानं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वाहन वर्कशॉपला.' असत्य विधानावर सही करण्याची ही मोहिनीबाईंची आयुष्यातली पहिली वेळ. सही नेहमीपेक्षा लहान आली.

त्याहून मोठी नामुष्की वर्गात झाली. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'गाईडेड वर्कशॉप' असं होतं आणि तो कागद नेमका टेबलावर राहिला. आता, मोहिनीबाईंचं गाईडशी वैर साऱ्या तालुक्याला ठाऊक. तयार उत्तरांचं ते जाडजूड पुस्तक कोणाच्या दप्तरात दिसलं की त्या जप्त करत आणि वर्षाच्या शेवटी रद्दीत घालत. चाळीस पेपरांत चाळीस उत्तरं सारखी आली, तर त्या चुका बघत. बरोबर उत्तर कोणाचंही सारखं येईल. सारखी चूक आली की गाईड. मागच्या बाकावरून कुजबूज आली, "मॅडमनी स्वतःला गाईड लावलंय," आणि वर्ग खदखदून हसला. मोहिनीबाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि गरज नसताना एक समीकरण संतुलित केलं.

तर शेवटी डिसेंबरातल्या एका शुक्रवारी त्या तळेघरला पोचल्या.

तिथे अकरा जण होते. बाकी दहा जणांची लेन्स बोअरवेलच्या पाइपाएवढी, मोहिनीबाईंची खिरीच्या वाटीएवढी. शिकवणारे स्वराज सर अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पँटला मोहिनीबाईंनी मोजले तेवढे नऊ खिसे होते. पण माणूस मनापासून शिकवत होता. श्वास कधी रोखायचा, कोपर कुठे टेकवायचं, हे त्यानं मोहिनीबाईंना चार वेळा न कंटाळता दाखवलं. "लाइट बघा, मॅडम. आधी लाइट, मग प्राणी," असं तो सारखा म्हणायचा. "साइड लाइट मिळाला की सोनं." मोहिनीबाईंनी हे तीन दिवसांत नऊ वेळा लिहून घेतलं. खिशांइतक्याच वेळा.

शनिवारी सकाळी सगळ्यांना एका झाडापुढे अर्धवर्तुळात उभं केलं. सरांनी आकडे सांगितले, अकरा जणांनी ते कॅमेऱ्यांत भरले. आठ वाजून दहा मिनिटांनी शेकरू आलं, ठरल्या फांदीवर बसलं, कामावर हजेरी लावल्यासारखं डावीकडे वळलं. "आता!" सर कुजबुजले. अकरा कॅमेरे एकदम वाजले.

मोहिनीबाईंनी पडद्यावर पाहिलं. फांदी होती, आणि फांदीवर प्राणी होता. मिश्यांसकट. तीन वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी दुपारी बाकीचे आपापल्या मोटारींनी गेले. मोहिनीबाईंना मंचरपर्यंत सोडायला आयोजकांची जीप होती. डिंभ्याचा उतार संपता संपता तिच्या नाकातून वाफ निघाली. ड्रायव्हरनं रेटत रेटत घोडेगावजवळच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत आणली आणि वर बघितलं तर पाटी: 'गोरक्ष ऑटो वर्कशॉप.'

रजेच्या अर्जातलं विधान असं दोन दिवस उशिरा का होईना, खरं झालं. मोहिनीबाईंना किंचित हलकं वाटलं.

शेडातल्या एका ट्रॅक्टरखालून एक तेलकट चेहरा बाहेर आला. "मॅडम? तुमी? आमच्या वर्कशॉपला?"

गोरक्ष त्यांचा विद्यार्थी, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. घरी मेंढरं, त्यामुळे निम्मं वर्ष गैरहजर. प्रात्यक्षिकात सगळ्या वर्गानं गाईडातली मोजमापं उतरवली होती आणि यानं एकट्यानं स्वतःची, पूर्ण चुकलेली लिहिली होती. मोहिनीबाईंनी त्यालाच जास्त गुण दिले होते. तरी तो नापास झाला ती गोष्ट वेगळी.

"रेडिएटर गळतोय, पर कुठनं ते दिसंना," तो म्हणाला. "जरा बॅटरी धरता का?"

मोहिनीबाईंनी बॅटरीचा झोत समोरून रेडिएटरवर टाकला.

"तसं न्हाई, मॅडम. समोरनं टाकला की सगळं सपाट दिसतं. आडवा धरा. कडंनं. हां... आजून जरा... ह्यो बगा तडा!"

केसाएवढा तडा, पण त्याची सावली त्याच्या तिप्पट. गंजाचे कण, डाग दिल्याच्या जुन्या खुणा, पत्र्याचा प्रत्येक उंचवटा उठून उभा राहिला होता. मोहिनीबाई बॅटरी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मॅडम, पुरं झालं. बॅटरी उतरंल."

आडवा उजेड! वहीत नऊ वेळा लिहिलेलं वाक्य डोक्यात शिरायला रेडिएटर फुटावा लागला. आता हे ज्ञान अठरा हजारांतलं धरायचं की गोरक्षच्या फुकटच्या बॅटरीतलं? प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या की निष्कर्ष काढता येत नाही. मोहिनीबाईंनी वहीत तूर्त प्रश्नचिन्ह काढलं.

घरी गेल्यावर हातपाय धुऊन त्यांनी शेकरू चिमाबाईंपुढे ठेवलं. आवाज सांभाळत म्हणाल्या, "आई, हा भिंतीवर लावूया."

चिमाबाईंनी पाहिलं. "छान हाय. पर हा तर तू जायच्या आदीच दावला व्हतास."

"नाही, आई. हा काल काढला."

चिमाबाई उठल्या, फळीवरचा गुळाचा डबा उचलला आणि त्याखाली अंथरलेलं माहितीपत्रक काढून आणलं. गुळाचा एक गोल डाग पडला होता, पण शेकरू शाबूत होतं. तीच फांदी. तीच डावीकडची मान.

"बग. शेपूट बी तितंच तुटलंय."

खरंच. दोन्ही फोटोंत शेपटीचं टोक चौकटीबाहेर कापलं गेलं होतं, एकाच जागी. सारखी चूक. हजारो पेपर तपासलेल्या मोहिनीबाईंना पुढचं कोणी समजावण्याची गरज नव्हती. त्यांनी वर्कशॉपच्या ग्रुपवर पाहिलं, तर तिथे आणखी दहा शेकरं बसली होती, दहाही बिनटोकाची.

त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि पाच दिवस भात, भाजी, तपासणी यांपलीकडे बोलल्या नाहीत. चिमाबाईंनी करार बोलून दाखवला नाही, फक्त घरघंटीचा कोपरा पुन्हा एकदा झाडला.

शनिवारी कलत्या दुपारी चिमाबाई पुढच्या खोलीत सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. समोरच्या दारातून ऊन थेट अंगावर येत होतं. "ते दार लोट गं, डोळं दिपत्यात," त्या म्हणाल्या. मोहिनीबाईंनी दार लोटलं. आता उजेड फक्त बाजूच्या खिडकीतून येत होता. आडवा.

मोहिनीबाई जागीच थांबल्या. रेडिएटर... म्हणजे सासूबाई... कपाळावरचं गोंदण, गालावरची प्रत्येक रेघ, बोटांची पेरं, बाजरीचा दाणा न् दाणा उठून उभा राहिला होता. त्या कपाटाकडे धावल्या.

"आता काय बाजरीचा फोटू?" चिमाबाई म्हणाल्या. "काढ, काढ. गिरणीत रांगंत उभं राह्यलेला बी काढ. घरघंटी आसती तर..." आणि टोमणा नेमका लागला की नाही हे बघायला त्यांनी सुनेकडे तिरकं पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू.

मोहिनीबाईंनी श्वास रोखला, कोपर दाराच्या चौकटीला टेकवलं आणि बटण दाबलं.

चिमाबाईंनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरून फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "नथ घाल म्हणून तरी सांगायचं." आणि थोड्या वेळानं, "मोठा करून आण. बगू भिंतीवर."

मोठा करून आणायचं काम बाळासाहेबांकडे गेलं, आणि इथून पुढे जे झालं त्याला शास्त्र जबाबदार नाही. नारायणगावातल्या फ्रेमवाल्यानं फोटो पाहून आवाज खाली आणला, हे बाळासाहेबांच्या लक्षात आलं नाही. घरी त्यांनी संभाषण जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यात त्यांना वावगं काही दिसलं नव्हतं.

"आई का?"

"आई."

"तारीख?"

"येत्या गुरुवारी."

फ्रेमवाल्याचं पेन थांबलं. "येत्या?"

"हां. सकाळी दहापर्यंत. आईच्याच मनात हाय, लवकर व्हावं म्हणून."

फ्रेमवाला म्हणे "दहापर्यंत" असं हळूच पुटपुटला आणि त्यानं ॲडव्हान्ससुद्धा घेतला नाही. "लई सज्जन माणूस," बाळासाहेब म्हणाले. मोहिनीबाई तेव्हा चाचणीचे पेपर तपासत होत्या. एरवी त्यांच्या नजरेतून एवढी मोठी चूक सुटली नसती.

गुरुवारी सकाळी बाळासाहेबांनी तयार फ्रेम ताब्यात घेतली. फ्रेमवाल्यानं आपल्याकडून चंदनाचा हार घातला होता. शोभेचा असेल, असं बाळासाहेबांना वाटलं. काचेला धक्का लागू नये म्हणून फ्रेम मोटारसायकलच्या टाकीवर उभी ठेवली, फोटो पुढे करून, आणि अगदी सावकाश वारूळवाडीत शिरले. वाटेत लोक गाड्या बाजूला घेत होते, कोणी टोपी काढत होतं. आपला एवढा मान कधीपासून, असं त्यांना वाटलं खरं. घरात फ्रेम बाजेवर टेकवून ते दुकानाला गेले. प्रयागबाई कुंपणाशीच होत्या.

साडेअकराला मोहिनीबाई तास संपवून आल्या, तर दारात चपलांचा ढीग. आत बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. प्रयागबाईंच्या पुढ्यात पिठल्याचं पातेलं, कारण अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. मोहिनीबाईंना पाहताच पाच जणींनी एकदम गळा काढला.

बाजेवर सासूबाई हारासकट तिरक्या नजरेनं बघत होत्या.

मोहिनीबाई भिंतीशी खाली बसल्या. सकाळी आठला त्या निघाल्या तेव्हा चिमाबाई चहात पाव बुडवत होत्या. साडेतीन तासांत?  डोक्यात एकच वेडं वाक्य फिरत राहिलं: पाच दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

"लई मायाळू बाई," झुंबरबाई डोळे पुसत म्हणाल्या. झुंबरबाई चिमाबाईंची लहानपणची मैत्रीण. गेली चार वर्षं दोघींत शेवग्याच्या झाडावरून अबोला होता. "त्या शेंगा तिच्याच व्हत्या. मी उगाच भांडले. झाड बी तिनंच लावल्यालं."

"कोणाला तोडून बोलली न्हाई कदी," प्रयागबाई म्हणाल्या. हे ऐकून मोहिनीबाईंनासुद्धा त्या अवस्थेत आश्चर्य वाटलं.

"कोण गेलं गं?"

दारात चिमाबाई उभ्या होत्या. डोक्यावर पिठाचा डबा, आणि गिरणीत तासभर थांबल्यामुळे केसांपासून पायांपर्यंत पांढऱ्याफटक. प्रयागबाईंनी एकच किंकाळी फोडली आणि पिठलं लवंडलं.

"गिरणीत म्हणले चिमाबाई गेली," चिमाबाई डबा उतरवत म्हणाल्या. "मला वाटलं वरल्या आळीची चिमाबाई. तितं जाऊन आले. ती हरबरा खुडतीय. मला बगून रडायलाच लागली. मग मला कळंना, आता कोण राह्यली."

त्यांचं लक्ष बाजेवर गेलं. फोटो, हार, बायका, पिठलं असं त्यांनी क्रमानं पाहिलं. सगळ्यांनी श्वास रोखला. कोपर टेकवायला मात्र कोणाला सुचलं नाही.

"झुंबरे," चिमाबाई म्हणाल्या, "शेंगांचं काय म्हणत व्हतीस? पुना म्हण."

हसणं आधी कोणाला आलं ते सांगता येणार नाही, पण झुंबरबाई हसता हसता रडत होत्या हे नक्की. मोहिनीबाईंनी सासूबाईंचा पिठानं माखलेला हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. चिमाबाईंनीही सोडवून घेतला नाही. "अगं, सांडलं सगळं, आवरूदे की," एवढंच म्हणाल्या.

चहा झाला. झुंबरबाई फ्रेमजवळ सरकून बसल्या.

"काय फोटू हाय! बोलंल आता. मॅडम, माजा बी काढा."

"तुला कशाला?" चिमाबाई म्हणाल्या.

"कशाला म्हंजे? उद्या मी गेले तर पोरं आधार कार्डावरला लावतील. त्यात मी चोरावाणी दिसती!"

खोली एकदम गंभीर झाली. प्रत्येकीला आपापलं आधार कार्ड आठवलं असावं. मग एकदम गलका झाला. माजा बी, माज्या सासूचा बी, आमच्या म्हाताऱ्याचा बी, त्याला चालवत न्हाई, खुर्चीत घालून आणू. मोहिनीबाईंनी वही काढली आणि नावं लिहून घेतली.

चिमाबाईंनी फ्रेमवरचा चंदनाचा हार काढला, झटकला आणि नीट गुंडाळून कपाटात ठेवला. "ऱ्हाऊंदे. लागंल." आणि फ्रेम स्वतःच्या हातानं टीव्हीच्या वरच्या खिळ्याला लावली.

पुढच्या रविवारी दुपारी घरापुढे रांग लागली. आत खिडकीशी सूप, बाजरी आणि एक पाट, दार लोटलेलं. कोणी नथ घालून आली होती, कोणी सुनेची. झुंबरबाईंनी शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. ओट्यावर बाळासाहेब व्यवस्था बघत होते. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, "काय चाललंय, राव?"

"वर्कशॉप," बाळासाहेब ऐटीत म्हणाले.

"गाडीला काय झालं?"

"गाडीला काय न्हाई. हे दुसरं असतंय."

संध्याकाळी मोहिनीबाईंनी निकषाचं पान उघडलं. भिंतीवर लावण्याजोगा फोटो: आहे. वर्कशॉपशिवाय काढता आला असता का: सांगता येत नाही. श्वास स्वराज सरांचा, उजेड गोरक्षचा, टोमणा आईंचा. प्रयोग एकदाच झाला आहे. पुन्हा करून बघितल्याशिवाय निष्कर्ष नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी लिहिलं, वाचलं, आणि करार आठवून खोडायला घेतलं.

"काय खोडतीस?" चिमाबाई म्हणाल्या.

"काही नाही, आई. पुढच्या भिशीला घरघंटी आणू."

"नगं मला घरघंटी. घरात दळत बसले तर कोण मेलं, कोण हाय, मला कसं कळायचं?" चिमाबाईंनी टीव्हीवरच्या चिमाबाईंकडे पाहिलं, दोघींची नजर सारखीच तिरकी होती. "तू जा तुज्या त्या गाईडाकडं पुना."

त्या उठल्या, आणि स्वयंपाकघरात जाता जाता वळून म्हणाल्या, "पर ह्या खेपेला शेपूट पुरं आण."